डॉक्टर डूमची पारख

खलनायकाच्या ॲक्शन फिगरचा, म्हणजे सांधे हलवता येणाऱ्या छोट्या प्रतिकृतीचा, दर्जा ठरवताना संग्राहक आधी चेहरा पाहतात. डॉक्टर डूमच्या बाबतीत हा निकष फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याचा चेहराच लोखंडी मुखवट्याआड असतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1962 मध्ये मार्व्हलच्या ‘फँटास्टिक फोर’ या कॉमिकच्या पाचव्या अंकात आणलेला हा लाटव्हेरिया या काल्पनिक देशाचा राजा म्हणजे नखशिखांत पोलादी चिलखत, त्यावर हिरवा अंगरखा आणि सोनेरी बिल्ल्यांनी खांद्याशी अडकवलेला हुडचा केप. त्यामुळे डूमची फिगर उत्तम की सुमार, याचा निवाडा माझ्या मते एका प्रश्नावर होतो: सारे अंग प्लास्टिकचेच असताना त्यातले लोखंड लोखंडासारखे आणि कापड कापडासारखे दिसते का?

माझ्याकडचा डूम सहा इंची, म्हणजे साधारण 1:12 प्रमाणातला आहे. त्याचे चिलखत पाहताना मी प्रथम हे तपासले, की चंदेरी रंग वरून दिलेला आहे की प्लास्टिकमध्येच मिसळलेला आहे. चमकीचे कण मिसळलेले प्लास्टिक साच्यात शिरताना ज्या दिशेने वाहते, तिच्या लहरी पृष्ठभागावर कायमच्या उमटतात आणि मग कितीही बारीक कोरीव काम असले तरी ते खेळण्यातल्या प्लास्टिकसारखेच दिसते. माझ्या फिगरच्या मांड्यांवर अशा लहरी स्पष्ट आहेत. दंड आणि मुखवटा मात्र रंगवलेले आहेत, वरून काळसर पातळ रंगाचा वॉश देऊन तो खाचांत मुरू दिला आहे, त्यामुळे रिव्हेटचा प्रत्येक ठिपका उठून दिसतो. एकाच चिलखताच्या दोन भागांत इतका फरक राहणे हा खर्चकपातीचा परिणाम असावा, आणि गुण कापायचे तर मी ते इथेच कापेन.

मुखवट्याच्या छिद्रांतून दिसणारे डोळे हा सर्वांत अवघड भाग आहे. आपल्याकडे कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणेशमूर्ती घडताना पाहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही, की अंगाचा रंग कोणीही देईल, पण डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच सोपवली जाते. कारखान्यात हे काम छपाईने किंवा स्टेन्सिलने होते, आणि तांदळाच्या दाण्याहून लहान जागेत रंग केसभर जरी सरकला तरी लाटव्हेरियाचा हुकूमशहा तिरळा दिसू लागतो. माझ्या नगात नजर सरळ आहे, किंचित खाली रोखलेली आहे, आणि त्यामुळे समोरच्याला तुच्छ लेखण्याचा डूमचा स्वभाव चेहरा न दाखवताही व्यक्त होतो.

अंगरखा आणि केप मऊ पीव्हीसीचे आहेत. चुण्या खोल आहेत, कडा पातळ आहेत आणि अंगरख्याला बाजूने चिरा ठेवल्यामुळे पाय थोडाफार पुढे टाकता येतो. काही संग्राहक खऱ्या कापडाच्या केपचा आग्रह धरतात. तो मला पटत नाही. फिगर लहान केली तरी कापडाचा धागा आणि जाडी लहान होत नाही, त्यामुळे या आकारावर कापडी केप बहुधा पडद्यासारखा ताठ दिसतो. प्लास्टिकच्या केपची खरी अडचण त्याच्या वजनाची आहे. तो फिगरला सतत मागे ओढतो आणि सगळा भार घोट्यांच्या सांध्यांवर येतो.

1984 मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने काढलेल्या डूमला मान, खांदे आणि मांड्या एवढेच सांधे होते. आताच्या फिगरमध्ये कोपर आणि गुडघे दुहेरी असतात, घोटे आडवेही कलतात. पण सांध्यांची संख्या मोजून दर्जा ठरवणे चूक आहे. डूम उड्या मारणारा खलनायक नव्हे. तो ताठ मानेने, पाय रोवून उभा राहिला पाहिजे आणि त्याला हात छातीवर बांधता आले पाहिजेत. माझ्या डूमचा डावा घोटा सैल असल्याने तो स्टँडशिवाय फार वेळ टिकत नाही, आणि छातीवरच्या बिल्ल्यांमुळे हात अर्धेच बांधले जातात. त्यातला दुसरा दोष मला अधिक खटकतो.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद काचेच्या कपाटात ठेवलेल्या मऊ पीव्हीसीवर कधी कधी चिकट थर येतो. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून मिसळलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते, आणि उष्ण, कोंदट हवेत ते अधिक जाणवते. सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने तो थर निघतो. कपाटाला थोडी हवा खेळती ठेवणे मात्र आवश्यक असते. ऊन थेट पडणारी जागा तर टाळावीच.

किमतीवरून दर्जाचा अंदाज बांधू नये. खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांपर्यंत गेले. त्यामुळे महागडी फिगर ही चांगली फिगर असेलच असे नाही. स्वस्तात मिळणारी ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे नक्कल, ओळखायला फार कष्ट पडत नाहीत: खोक्यावरची छपाई अंधुक असते, अंगावर कोरलेली स्वामित्वहक्काची ओळ अस्पष्ट असते किंवा नसतेच, आणि खोके उघडताच प्लास्टिकचा उग्र वास येतो.

दुकानात खोक्याच्या खिडकीतून सांधे तपासता येत नाहीत, पण डोळे आणि चंदेरी-हिरव्या रंगांची सीमारेषा दिसते. वाकलेला पाय गरम पाण्यात धरून सरळ करता येतो व लगेच थंड पाण्यात बुडवला की तसाच राहतो, सैल घोट्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा पातळ हात देता येतो. डोळे चुकलेला नग मात्र जागच्या जागी परत ठेवून दुकानदाराकडे दुसरा मागावा.