फिस्टुला बंद पडला, फाइल टेबलावरच

आईचं डायलिसिस वाशीला होतं, आठवड्यातून तीनदा. डाव्या मनगटाजवळ फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशनने धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग; रक्त वाहत असेल तर तिथे बोटांना थरथर लागते. सकाळी चहाआधी त्यावर बोटं ठेवून थरथर तपासायची तिला सवय आहे. त्या दिवशी तिने हाक मारली, "बघ गं, काहीच लागत नाहीये." मी कान लावला. घरघर नव्हती, शीर दोरीसारखी कडक लागत होती.

डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लगेच कळलं: शीर एका जागी अरुंद झालेली, तिथेच गुठळी. सर्जन म्हणाले, गुठळी काढून बलूनने जागा मोकळी करू, पण शक्यतो २४ ते ४८ तासांत. उशीर झाला की गुठळी शिरेला चिकटते आणि फिस्टुला हातचा जातो.

आणि आम्ही अडकलो इन्शुरन्स डेस्कला. प्री-ऑथ (खर्चाच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज) गेलं, क्वेरी आली: पेशंट स्टेबल आहे, मग तातडी कसली? उत्तर दिलं. मग पहिल्या फिस्टुलाचे पेपर हवे. दिले. मग किडनीचा आजार कधीपासून आहे त्याचं सर्टिफिकेट, जे त्यांच्याकडे आधीच होतं! काउंटरवर एकच उत्तर, "मेल टाकलाय, रिप्लाय आला की सांगतो." आई समोर बाकावर चालतीबोलती बसलेली, म्हणून कुणालाच घाई नव्हती. तेवढ्यात डायलिसिसचा दिवस उलटला, पोटॅशियम वाढलं आणि तिच्या मानेत कॅथेटर घालावा लागला. इन्फेक्शनचा धोका सगळ्यात जास्त त्यातच. तो टळावा म्हणून तर फिस्टुला करतात. एका मेलपायी माझ्या आईच्या मानेत नळी गेली, याचा राग अजून जात नाही.

शेवटी सर्जननी लेटरहेडवर लिहून दिलं: अ‍ॅक्सेस थ्रॉम्बोसिस (म्हणजे फिस्टुलात गुठळी), तातडीची प्रोसीजर, उशीर झाल्यास फिस्टुला निकामी, नवा केल्यास तयार व्हायला दीड-दोन महिने, तोवर कॅथेटर. त्याच संध्याकाळी अप्रूव्हल. प्रोसीजर झाली, थरथर परतली. हे पत्र पहिल्याच मेलला जोडायला लावा, क्वेरीची वाट बघू नका.

फिस्टुलाच्या हातावर बीपी नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगडी नाही, हे सगळ्यांना माहीत असतंच. पण सुया काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला, किंवा मशीनवर व्हीनस प्रेशर (रक्त शिरेत परत जातानाचा दाब) दर वेळी चढतं दिसलं, तर तेव्हाच डॉपलर मागा. डायलिसिसनंतर बीपी फार खाली गेलं असेल तर घरी पोचल्यावरही थरथर तपासा. सेंटरच्या शीटवर प्रेशरचे आकडे असतात. मी आता प्रत्येक शीटचा फोटो काढते, क्वेरी आलीच तर तोही जोडता येतो.