‘रामाला भाला मारा’ आणि पायथन: लेकीच्या ऑनलाइन कोडिंगची दोन वर्षं

मी कराडच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. लेक सेमी इंग्रजीला सहावीत होती, तेव्हा तिचं ऑनलाइन कोडिंग सुरू झालं. आता ती आठवीत आहे. स्टाफरूममध्ये अधूनमधून कुणीतरी विचारतंच, “बाई, तुमची मुलगी ते कोडिंग कुठे शिकते?” एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात फुकटच्या डेमो क्लासने झाली. चाळीस मिनिटांत स्क्रीनवर एक विमान उडालं, लेकीचं नाव छापलेलं प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवर आलं आणि त्याच संध्याकाळी फोन. मुलीत फार चमक आहे, नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग सक्तीचं आहे, आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे. धोरणाचं नाव ऐकून मी गप्प झाले, कारण शिक्षिका असूनही मी ते मुळातून वाचलेलं नव्हतं. नंतर वाचलं. २०२०च्या धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगशी संबंधित उपक्रम आणले जातील असं आहे. एखाद्या कंपनीचा क्लास लावा असं त्यात कुठेही नाही. पण तोवर आम्ही ४८ तासांचा कोर्स घेऊन बसलो होतो.

क्लास वाईट होता असं सरसकट म्हणत नाही. मॅडम वेळेवर यायच्या, गोड बोलायच्या. पण सगळं झपाझप इंग्रजीत. इथे क्लिक कर, हा ब्लॉक तिकडे ओढ, व्हेरी गुड. सहाव्या तासानंतर मी लेकीला तिचाच प्रोग्रॅम उघडायला लावला आणि एका ब्लॉकवर बोट ठेवून विचारलं, “हा कशाला लावलाय?”

ती म्हणाली, “मॅडमनी तिथे लावायला सांगितला.”

“काढला तर काय होईल?”

“माहीत नाही. काढू?” तिच्या आवाजात भीती होती. स्वतः केलेल्या गोष्टीला हात लावायची तिला भीती वाटते, हे मला त्या दिवशी फार लागलं. त्याच रात्री क्लास बंद करायचं ठरवलं.

बंद करणं सोपं नव्हतं. आम्ही ज्याला हप्ते समजत होतो ते प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. क्लास थांबला तरी बँकेतून पैसे कापले जातच राहिले. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस आणि नवं आश्वासन. शेवटी मी फोन करणं सोडलं आणि सगळं लेखी केलं: किती तास झाले, किती उरले, कोणत्या तारखेला रद्द करायला सांगितलं, सोबत स्क्रीनशॉट. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर दोनेक महिन्यांनी कर्ज बंद झालं आणि उरलेल्या तासांचे बरेचसे पैसे परत आले. कुणीही सही करण्याआधी एवढा एक प्रश्न विचारावा: हे हप्ते तुमचे की कर्जाचे? आणि उत्तर ईमेलवर मागावं.

पुढे काय, हा प्रश्न होताच. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, “मावशी, रविवारी सकाळी साडेनऊला एक तास मी बसतो. पण माझ्या अटी आहेत.” स्क्रीन हिची दिसणार, त्याची नाही. माऊस आणि कीबोर्डला हिच्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. काहीही सुरू करण्याआधी काय घडायला हवं ते वहीत मराठीत लिहायचं. आणि प्रत्येक तासाला चालता प्रोग्रॅम मुद्दाम एकदा मोडायचा, मग दुरुस्त करायचा. या शेवटच्या अटीनेच तिची भीती गेली, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात परत स्क्रॅचपासूनच झाली, म्हणजे ब्लॉक एकमेकांना जोडून प्रोग्रॅम करायच्या साधनापासून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं आणि २००७मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं हे साधन पूर्ण मोफत आहे, हे मला पैसे भरल्यानंतर कळलं. ते इंटरनेटशिवायही चालतं, लॅपटॉपवर उतरवून घेता येतं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे याचा फार उपयोग झाला. आठवडाभर ती एकटीच करायची, नेट फक्त रविवारपुरतं लागायचं.

स्क्रॅचच्या रंगमंचाच्या मधोमध शून्य असतं. उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४० पर्यंत, वर १८०, खाली उणे १८०. तिथलं मांजराचं चित्र डाव्या भिंतीशी न्यायचं तर एक्सची, म्हणजे आडव्या दिशेतल्या जागेची, किंमत उणे करावी लागते. ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी शाळेत तिने पाठ केली होती, पण उणे १०० मध्ये ३० मिळवले की मांजर उजवीकडे सरकतं आणि उत्तर उणे ७० येतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. गणिताची वही आणून ती मला म्हणाली, “आई, हे सगळं मांजराचंच आहे.”

सातवीच्या दिवाळीत पायथन सुरू झालं, म्हणजे ब्लॉकऐवजी ओळी टाइप करून प्रोग्रॅम लिहायची भाषा. इथे माझाही सहभाग वाढला, कारण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातले बरेच पाठ मराठी आवाजात मिळाले. दहाएक मिनिटांचा पाठ, अर्ध्या पडद्यावर तो आणि अर्ध्या पडद्यावर आपण करायचं, जमेना की थांबवायचं. वाक्यरचना थोडी पुस्तकी आहे, पण मुलीला जे समजत नव्हतं ते नेमकं संगणकाचं की इंग्रजीचं, हे त्यामुळे वेगळं करता आलं.

पायथनमध्ये चलाला, म्हणजे किंमत साठवायच्या डब्याला, मराठी नाव देता येतं, ‘लांबी’, ‘किंमत’, काहीही. प्रिंट, इफ, फॉर हे शब्द मात्र त्याचेच वापरावे लागतात. तिने मराठी कीबोर्डवरून एक गंमत शोधली. प्रोग्रॅमने संख्या विचारली की ‘१२’ असं देवनागरीत टाकून पूर्णांकात बदललं तर तो बिनतक्रार घेतो. पण तेच १२ प्रोग्रॅमच्या ओळीत देवनागरीत लिहिलं की एरर! असं का, यावर तिने आणि भाच्याने पूर्ण तास घालवला. माणसाने दिलेला मजकूर वाचणं वेगळं आणि भाषेचं स्वतःचं व्याकरण वेगळं, हे तिला तिथे कळलं. मला तर तो तास व्याकरणाचाच वाटला.

मग आला तो रविवार, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. भाच्याने गृहपाठ दिला होता: उलट वाचलं तरी तेच राहणारा शब्द ओळखणारा प्रोग्रॅम लिही. इंग्रजी शब्दांसाठी हे एका ओळीचं काम आहे. शब्द उलटा कर, मूळ शब्दाशी ताडून पाहा. लेकीने ते केलं आणि मग जेवणाच्या टेबलावर मला विचारलं, “आई, मराठीत असे शब्द असतात?”

मराठीच्या बाईंना हे विचारल्यावर काय होणार? मी सांगितलं: ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आपटे’, ‘चिमा काय कामाची’, ‘भाऊ तळ्यात उभा’. ती पळत गेली, मधल्या जागा काढून पहिलं वाक्य टाकलं. उत्तर आलं, फॉल्स, म्हणजे जमत नाही. दुसरं टाकलं, फॉल्स. तिने उलटं केलेलं पहिलं वाक्य छापून पाहिलं तर सुरुवातीलाच एकटा काना लटकत होता, अक्षराशिवाय.

त्या संध्याकाळी तिने ‘मराठी’ या शब्दाची लांबी मोजायला लावली. आपण म्हणू तीन अक्षरं. पायथन म्हणतं पाच. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. ‘क्षमा’ आपल्या लेखी दोन अक्षरं, त्याच्या लेखी पाच: क, पाय मोडल्याची खूण, ष, म, काना. युनिकोडमध्ये, म्हणजे लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या आहेत आणि त्यात मात्रांना, म्हणजे काना-वेलांटीसारख्या चिन्हांना, स्वतंत्र जागा आहे, म्हणून असं होतं. मी पंधरा वर्षं अक्षर, वर्ण, स्वरचिन्ह यांतला फरक फळ्यावर शिकवते आहे. तो फरक माझ्या मुलीच्या स्क्रीनवर एका चुकलेल्या उत्तरातून उभा राहिलेला पाहून मला भरून आलं.

भाच्याने तयार उत्तर दिलं नाही. विचारलं, “काना दिसला तर तू काय करशील?” तिने वहीत लिहिलं: मात्रा आली तर तिला मागच्या अक्षराला चिकटव, नाहीतर नवं अक्षर सुरू कर. मात्रा कोणती हे ओळखण्यासाठी पायथनमध्ये युनिकोडडेटा नावाचं साधन आधीच असतं. दोन दिवसांनी ‘रामाला भाला मारा’ची सात अक्षरं सुटी झाली, रा, मा, ला, भा, ला, मा, रा, आणि उत्तर आलं ट्रू. घरात आरडाओरडा झाला. आबा, म्हणजे माझे सासरे, बाहेरून विचारत आत आले, “काय गं पोरी, काय झालं?” ती म्हणाली, “आबा, रामानं भाला मारला!”

‘भाऊ तळ्यात उभा’ मात्र अडलं. ‘ळ्या’चे दोन तुकडे होत होते, ‘ळ्’ आणि ‘या’. पाय मोडलेल्या अक्षरामागून येणारं व्यंजनही त्यालाच चिकटवायचं, हा दुसरा नियम तिने स्वतः शोधला. तरीही फॉल्सच. आता चूक प्रोग्रॅमची नव्हती. ‘भाऊ’मधला ऊ दीर्घ आणि ‘उभा’मधला उ ऱ्हस्व. वाक्य उलटसुलट जमायचं तर ‘ऊभा’ असं अशुद्ध लिहावं लागतं. ‘चिमा काय कामाची’तही सुरुवातीचा चि ऱ्हस्व आणि शेवटचा ची दीर्घ. आपण वर्षानुवर्षं कानाने ऐकून ही वाक्यं बरोबर म्हणत आलो. डोळ्यांनी वाचणाऱ्या यंत्राने फरक दाखवला. लेकीने शेवटी दोन उत्तरं देणारा प्रोग्रॅम केला: ‘लिहून जमतं’ आणि ‘बोलून जमतं’. दुसऱ्या उत्तरासाठी ती ऱ्हस्व-दीर्घ एकच धरते. मी हा प्रोग्रॅम नववीच्या वर्गात प्रोजेक्टरवर दाखवला. शुद्धलेखनाच्या तासाला एवढे हात वर झालेले मी आधी पाहिले नव्हते.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल थोडक्यात सांगते. टिंकरकॅड या मोफत संकेतस्थळावर आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम भरता येणारी छोटी सर्किटची पट्टी), तारा, दिवे सगळं पडद्यावर जोडून चालवून पाहता येतं, काही जळत नाही. तिथे महिनाभर सराव झाल्यावरच आम्ही खरा बोर्ड मागवला. आमच्याकडे पहाटे नळाला पाणी सुटतं आणि गच्चीवरची टाकी वाहते, म्हणून तिला टाकी भरल्यावर वाजणारा बझर करायचा होता. ध्वनीलहरी सोडून परत येणारा प्रतिध्वनी मोजणारा सेन्सर झाकणाला आतून लावायचा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, जाऊन-येऊन लागलेल्या वेळेचं निम्मं धरून त्याला या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. पडद्यावर हे पहिल्या झटक्यात जमलं. खऱ्या टाकीत पाणी पडताना लाटा उठतात, झाकणाला आतून दव धरतं, आणि आकडा उगाच वर-खाली उड्या मारतो. रात्री अडीचला बझर वाजला आणि सगळं घर उठलं. पाच वेळा मोजून, आकडे चढत्या क्रमाने लावून, मधला घ्यायचा ही युक्ती तिला आबांनी सुचवली. बाजारात भाव विचारताना ते कायम तसंच करतात: सगळ्यात महाग सोडायचा, सगळ्यात स्वस्तही सोडायचा. त्यानंतर बझर शहाण्यासारखा वाजतो. मोटार आपोआप बंद करायचा तिचा हट्ट मी मोडला. तिथे २३० व्होल्टचा प्रवाह आहे, आणि वायरमन शेजारी उभा असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही हा नियम कायमचा आहे.

सध्या तिच्या वर्गात वृत्तं चालू आहेत. अक्षरं सुटी करणारा तोच जुना भाग घेऊन ती लघु-गुरू ओळखणारा प्रोग्रॅम लिहिते आहे. ऱ्हस्व आला तर लघु, दीर्घ आला तर गुरू, अनुस्वार असला तर गुरू, इथपर्यंत जमलं. काल तिने भुजंगप्रयातातल्या ओळी एकामागून एक टाकल्या. चार य गण (प्रत्येकी लघु-गुरू-गुरू), बारा अक्षरं, बहुतेक ठिकाणी बरोबर. पण जोडाक्षर आलं की गण बिघडायचा.

“आई, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू का होतं? ते तर ऱ्हस्वच आहे ना?”

मी तिला ‘सत्य’ मोठ्याने म्हणायला लावलं, प्रत्येक अक्षरावर टेबलावर टिचकी मारत. तिसऱ्या वेळी ‘स’वर तिची टिचकी आपोआप थांबून पडली. ती माझ्याकडे न बघताच कीबोर्डकडे वळली.