लाँगबो, क्रॉसबो आणि सहा सेकंदांचा राउंड

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत लाँगबोच्या, म्हणजे लांब धनुष्याच्या, घावासाठी आठ बाजूंचा फासा टाकतात आणि हेवी क्रॉसबोसाठी, म्हणजे दांड्यावर आडवे बसवलेल्या, खटक्याने सुटणाऱ्या जड धनुष्यासाठी, दहा बाजूंचा. म्हणजे सरासरीत फरक अवघ्या एका गुणाचा. आमच्या टेबलावर यावरून पुष्कळ वाद झडतात, पण माझ्या मते खरी गफलत फाशात नाही, त्या शस्त्राची किंमत खेळाडूकडून कोणत्या रूपात वसूल केली जाते, यात आहे.

१५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर शंभराहून अधिक अखंड धनुष्ये सापडली. त्यांतली बहुतेक पूर्ण ताणायला शंभर पौंडांहून अधिक, काहींना तर दीडशेच्याही वर जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नियमांत मात्र धनुर्धराचा नेम आणि घाव दोन्ही डेक्स्टेरिटीवर (पात्राच्या चपळाईच्या गुणांवर) ठरत असल्याने, स्ट्रेंग्थ (ताकदीचे गुण) जेमतेम आठ असलेला काटकुळा एल्फही लाँगबो खुशाल ताणतो. ३.५ आवृत्तीत निदान संयुक्त धनुष्याला ताकदीची अट होती.

क्रॉसबोचे गणित उलटे. रिकिबीत पाय रोवायचा, दांड्याच्या मागच्या टोकाला कप्प्यांची चरकी बसवायची, तिचे आकडे दोरीत अडकवायचे, दोन्ही मुठी फिरवत दोरी खटक्यापर्यंत आणायची, चरकी उतरवायची आणि मग बाण ठेवायचा. पोलादी धनुष्याच्या क्रॉसबोला हे सारे सहा सेकंदांच्या एका राउंडमध्ये, म्हणजे खेळातल्या लढाईच्या एका फेरीत, उरकणे अशक्यच. नियम मात्र दर राउंडला एक बाण मारू देतात, आणि ‘क्रॉसबो एक्सपर्ट’ हे फीट (पात्राला निवडता येणारे खास कौशल्य) घेतले की तेवढेही बंधन उरत नाही.

म्हणून आमच्याकडे हेवी क्रॉसबोला दहा बाजूंचे दोन फासे आहेत, घावाच्या बेरजेत वरून कोणताही गुण मिळवायचा नाही, आणि तो क्रॉसबो पुन्हा भरायला सलग तीन ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) लागतात. लाँगबोला स्ट्रेंग्थ किमान तेरा हवी आणि घावातही तीच धरायची. परिणामी क्रॉसबोवाला पहिला बाण सोडून सरळ तलवार उपसतो, किंवा मोठ्या ढालीआड बसून चरकी फिरवत राहतो, आणि मला हेच हवे होते. एका खेळाडूने चार भरलेले क्रॉसबो अंगावर बाळगण्याची शक्कल लढवली, तेव्हा नवा नियम करावा लागला नाही. पुस्तकात एका हेवी क्रॉसबोचे वजन अठरा पौंड दिले आहे, तेवढे काटेकोरपणे मोजायला सुरुवात केली.