मोयेस, केंडल आणि नवा खुबा

मी लिव्हरपूलमधल्या एका रुग्णालयात अस्थिरोग वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. या शहरात रुग्णाला कोणता त्रास आहे हे कळायच्या आधी तो लाल की निळा हे कळतं. लाल म्हणजे लिव्हरपूल, निळा म्हणजे एव्हर्टन, इथले दोन फुटबॉल क्लब. एकाच घरात दोन्ही असतात आणि तरी संसार नीट चालतात.

10 जानेवारी 2025, शुक्रवार. आदल्याच दिवशी एव्हर्टनने मॅनेजर शॉन डाइशला घरी पाठवलं होतं, तेही संध्याकाळी एफए कपचा सामना तोंडावर असताना. क्लबमधल्याच लेटन बेन्स आणि शेमस कोलमनने तो सामना सांभाळला, पीटरबरोला 2-0 हरवलंही. पण लीगमध्ये संघ सोळावा, खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या रेषेपासून जेमतेम एक गुण वर. आणि सगळीकडे एकच बातमी: जुना मॅनेजर डेव्हिड मोयेस परत येणार.

माझ्या यादीत खुब्याचा सांधा बदललेले एक आजोबा होते. (तोंडावर त्यांना नावानेच हाक मारते, आजोबा हे माझ्या मनातलं.) अशा रुग्णाला आम्ही शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करतो. झोपून राहिलं की रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, एकेक सुरू होतं. हे आजोबा मात्र खुर्चीत बसले ते बसलेच. दुखतंय, चक्कर येतेय, चहा झाल्यावर बघू.

समोरच्या पलंगावरचे गृहस्थही निळेच, वयाने बरेच लहान. त्यांनी पेपर वाचता वाचता म्हटलं, "मोयेस आला तर वाचलो आपण."

आजोबा ताडकन म्हणाले, "अकरा वर्षं होता. एक कप दाखव!"

झालं. मोयेस 2002 ते 2013 एव्हर्टनला होता. 2005 साली संघ लीगमध्ये चौथा आला, 2009 मध्ये एफए कपची अंतिम फेरी गाठली आणि चेल्सीकडून हरला. करंडक एकही नाही. शिवाय गेला तो थेट मँचेस्टर युनायटेडला, आणि तिथे बसून तेव्हा खेळाडू असलेल्या आमच्याच बेन्सला न्यायला बघत होता, हा आजोबांचा खरा सल.

वॉर्डातली मदतनीस मुलगी अंथरूण बदलत होती. तीही निळी. म्हणाली, "वेस्ट हॅमलाही तो दुसऱ्यांदा गेलाच ना? पहिल्यांदा संघ वाचवून दिला तरी त्याला ठेवलं नाही. पुन्हा बोलावलं, तर 2023 मध्ये कॉन्फरन्स लीग जिंकून दिली." मला हा मुद्दा बिनतोड वाटला. आजोबांना नाही.

कारण त्यांच्या डोक्यात मोयेस नव्हताच, त्याच्याही आधीचा मॅनेजर हॉवर्ड केंडल होता. 1985 आणि 1987 ची लीग, 1984 चा एफए कप, 1985 चा युरोपियन कप विनर्स कप; एव्हर्टनचं सोनं ते. तो 1990 मध्ये परत आला, काही जमलं नाही, 1993 मध्ये सोडून गेला. 1997 मध्ये तिसऱ्यांदा आला. त्या मोसमाचा शेवटचा सामना आजोबांनी गुडिसन पार्कमध्ये, एव्हर्टनच्या घरच्या मैदानात, बसून पाहिला होता: कॉव्हेंट्रीशी 1-1, तिकडे बोल्टन चेल्सीकडून हरलं म्हणून केवळ गोलफरकावर वाचले. "देवासारखा माणूस, आणि त्याच्यावर लोक ओरडत होते," ते म्हणाले. "पुन्हा बोलावलं नसतं तर ते ऐकावं लागलं नसतं त्याला."

कोपऱ्यातल्या लाल गृहस्थांना राहवेना. "आमचा मॅनेजर डॅलग्लिश वीस वर्षांनी परत आला. 2012 चा लीग कप दिला, तरी मे महिन्यात नारळ!" त्यांनी हे सांत्वन म्हणून सांगितलं की चिडवायला, मला आजही ठरवता आलेलं नाही.

पेपरवाले गृहस्थ हट्टाने म्हणाले, "गुडिसनचा हा शेवटचा मोसम आहे. 1892 पासूनचं मैदान. शेवटी तिथे आपला माणूस हवा." यावर आजोबा खुर्चीत पुढे वाकले. आमचा नियम, खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, मी ओरडलेच, "मागे व्हा!" मग मला सुचलं ते मी बोलले: "एवढं सांगायचंय तर उठून तिकडे जाऊन सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की नोकरी गेलीच म्हणायची. पण वॉकर ओढला, हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवले, ऑपरेशनचा पाय पुढे सरकवला आणि उभे राहिले. मी कमरेशी हात धरून शेजारी. वॉकर, दुखरा पाय, चांगला पाय. मध्ये थांबून एकदा केंडल, पुन्हा वॉकर. समोरच्या पलंगापर्यंत पोचले आणि उभ्याउभ्या पाच मिनिटं भांडले. परतीच्या वाटेवर दुखण्याचं नावही नव्हतं. नोंदीत मी फक्त अंतर आणि वॉकर लिहिलं. प्रेरणेसाठी रकाना नसतो.

दुसऱ्याच दिवशी मोयेसची अडीच वर्षांच्या करारावर नेमणूक झाली. पहिला सामना ॲस्टन व्हिलाकडून 0-1 हरला, मग टॉटनहॅमला 3-2, ब्रायटनला 1-0, लेस्टरला 4-0 हरवलं. गुडिसनवरच्या शेवटच्या डर्बीत, म्हणजे लाल-निळ्यांच्या सामन्यात, तर टार्कोव्स्कीने भरपाईच्या वेळेत गोल मारून 2-2 केलं.

त्यानंतर आजोबा व्यायामाच्या वर्गाला आले, एका काठीवर, झकास चालत. मी विचारलं, "मग, मोयेस?"

"चांगलं करतोय," ते म्हणाले. "कप कुठाय?"