माल आपल्याकडे, मग चीनकडून काऊन?

नोकरीतून निवृत्त झालो तरी धरमपेठेतल्या चहाच्या ठेल्यावर माझा रसायनशास्त्राचा तास सुरूच असतो. विजेवरच्या गाड्यांच्या चुंबकांची टंचाई पेपरात आल्यापासून तिथे एकच प्रश्न येतो: "सर, केरळच्या रेतीत माल हाये म्हणता, तं मंग चीनकडून काऊन घेता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माल म्हणजे या चुंबकांना लागणारी 'रेअर अर्थ' मूलद्रव्यं, मराठीत दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. ती रेतीतून काढणं फारसं अवघड नाही, एकमेकांपासून वेगळी करण्यात जीव जातो.

आवर्तसारणीच्या तळाशी दोन ओळी वेगळ्या टांगलेल्या असतात. त्यातली वरची लॅन्थॅनाइडांची, म्हणजे आपल्या याच मालाची, अणुक्रमांक ५७ ते ७१. परीक्षेत आपण ती बिनधास्त ऑप्शनला टाकतो. या ओळीत पुढे सरकताना नवा इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा आतल्या ४एफ कक्षकांत जाऊन बसतो. रासायनिक व्यवहार चालतो बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर, आणि ते तर सगळ्यांचे जवळपास सारखेच! आयनाची (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूची) त्रिज्या पहिल्या लॅन्थॅनमची १०३ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाचा हजारावा हिस्सा), शेवटच्या ल्युटेशियमची ८६. म्हणजे दोन शेजाऱ्यांत फरक जेमतेम एका पिकोमीटरचा. तेवढ्या भांडवलावर त्यांना एकमेकांपासून सोडवायचं.

म्हणूनच यांचा इतिहास असा रखडत गेला. १७८७ साली स्वीडनमधल्या इटर्बी गावच्या खाणीत एक काळा दगड सापडला, १७९४ मध्ये रसायनतज्ज्ञ गाडोलिनने त्याचं विश्लेषण केलं, आणि पुढची शंभरावर वर्षं रसायनतज्ज्ञ अशा खनिजांतून एकेक मूलद्रव्य सोडवत बसले. मोसांडरने १८४१ मध्ये 'डिडिमियम' हे नवं मूलद्रव्य जाहीर केलं. ती जोडी निघाली, प्रासिओडिमियम आणि निओडिमियमची. हे १८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाखने दाखवलं. वरातीत डोक्यावरून मिरवणारी गॅसबत्ती आठवते ना? तिचं मॅन्टलही याच गृहस्थाचं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि फक्त एक टक्का सिरियमचं. तो टक्का काढला तर उजेड पार मरतो. पुढे सिरियम आणि लोखंडाच्या मिश्रधातूतून लायटरचा ठिणगी पाडणारा खडाही त्यानेच दिला. पण चिकाटीत माझा मान अमेरिकेतल्या चार्ल्स जेम्सला. १९११ मध्ये शुद्ध थुलियमसाठी त्याने सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण केलं!

आता स्फटिकं करत बसावं लागत नाही. आम्लातलं द्रावण आणि केरोसीनसारख्या तेलात मिसळलेलं खास द्रावक एकत्र घुसळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, पुन्हा घुसळायचं. असे शेकडो टप्पे, आणि मागे उरणाऱ्या आम्लपाण्याची विल्हेवाट वेगळीच.

केरळच्या रेतीतलं हा माल असलेलं खनिज म्हणजे मोनाझाइट. त्यात किरणोत्सारी थोरियमही असतं, त्यामुळे ही रेती अणुऊर्जेच्या कायद्याखाली येते. कोणीही उठून उपसू शकत नाही. त्यासाठीची सरकारी कंपनी १९५० पासून आहे, केरळातल्या अलुव्याचा तिचा कारखाना १९५२ चा. म्हणजे आपण उशिरा जागे झालो असं नाही. ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्यापासून चुंबक, ही पुढची साखळी चीनने चिकाटीने उभी केली, आपण नाही. माझ्या मते दोष रेतीचा नाही, रसायनाच्या कारखान्यांना नाक मुरडण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

जाता जाता माझं लाडकं गॅडोलिनियम. एमआरआयच्या आधी कधीकधी जे इंजेक्शन देतात, त्यात हेच असतं. हा धातू साधारण २० अंशांखाली लोखंडासारखा चुंबकाला धरतो, त्यावर ती पकड सुटते. म्हणजे नागपुरात डिसेंबरच्या पहाटे चिकटेल, मे महिन्यात नाव नको.

उष्णतेचा हा त्रास गाडीच्या मोटारीतल्या चुंबकालाही आहेच. ते बनतं निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचं, आणि तापल्यावर त्याचा जोर टिकावा म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम घालतात. आपल्या मोनाझाइटमध्ये निओडिमियम बऱ्यापैकी आहे, डिस्प्रोसियम मात्र अगदीच किरकोळ. ते मुख्यतः दक्षिण चीन आणि म्यानमारमधल्या चिकणमातीतून येतं.