पाच घरे आणि एक ळ

सकाळचा चहा गाळत असतानाच बेंगळूरहून नातीचा फोन आला. एरवी ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. त्या दिवशी मात्र थेट प्रश्नच आला. "आज्जी, पाच अक्षरी इंग्रजी शब्द सांग. मधलं अक्षर वाय, आणि ए, ई, आय, ओ, यू यांतलं एकही नको." मी मोठ्या आत्मविश्वासाने 'स्टाइल' म्हणून मोकळी झाले. पलीकडून हसू आले. स्टाइलच्या शेवटी ई असतो, हे उभे आयुष्य शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाईला नातीने सांगावे लागले. पण तो ई कानाला कुठे लागतो, की माझ्या लक्षात राहावा?

तिचा तो खेळ म्हणजे वर्डल, लपवलेला इंग्रजी शब्द ओळखण्याचा. पाच घरे, सहा संधी आणि दिवसाला एकच शब्द. जॉश वॉर्डल यांनी तो २०२१ साली सर्वांना खुला केला. इंग्रजीतल्या सुमारे १२,००० पाच अक्षरी शब्दांमधून त्यांच्या जोडीदारीणबाईंनी ओळखीचे तेवढे निवडून यादी सुमारे २,५०० वर आणली, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. निवडणे, पाखडणे हे काम शब्दांचे असो वा तांदळाचे, धीराचेच असते.

फोन ठेवल्यावर मला माझे वडील आठवले. ते बेळगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईचे सुटे अक्षरठसे, जुळवत असत. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे कप्प्यांच्या खोक्यात, ई या अक्षराचा कप्पा सर्वांत मोठा असे, तर क्यू आणि झेड कोपऱ्यातल्या चिमुकल्या कप्प्यांत पडून असत. कोणते अक्षर किती लागते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. ते त्यांच्या बोटांनाच ठाऊक होते. पुढे वाचनात आले की अमेरिकेतले आल्फ्रेड बट्स नावाचे वास्तुविशारद १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकार झाले, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरची अक्षरे मोजून काढली आणि त्या हिशेबावर स्क्रॅबल हा शब्द जुळवण्याचा खेळ उभा केला. म्हणूनच त्या खेळातल्या १०० सोंगट्यांमध्ये ई बारा आणि क्यू अवघा एक असतो, आणि त्या एकुलत्या एका क्यूला दहा गुण मिळतात. पुढे जानेवारी २०२२ मध्ये वर्डल विकत घेतला तोही न्यूयॉर्क टाइम्सनेच. वडिलांना हे सांगितले असते, तर ते म्हणाले असते, "मोजायला पान कशाला? कप्पे बघायचे."

क्यूचे आणखी एक लाडके दुखणे म्हणजे त्याला शेजारी यू लागतो. फकिराला मात्र त्याची पर्वा नाही. इंग्रजी कोशांत त्याचे पाच अक्षरी स्पेलिंग के घालूनही सापडते आणि क्यू घालूनही, आणि त्या क्यूशेजारी यू उभा नसतो. इंग्रजी शब्द सहसा जे या अक्षरावर संपत नाहीत. जे थोडे तसे संपतात त्यांच्यात राज, ताज, स्वराज ही आपल्याकडून गेलेली मंडळी दिसतात. स्क्रॅबल खेळताना हातात जे येऊन बसला की मी याच पाहुण्यांच्या भरवशावर असते.

पण सगळ्यात मजेचा शब्द म्हणजे रांगेला असणारा क्यू. इंग्रजीत त्याची अक्षरे पाच, त्यांतले चार स्वर, आणि ते चारही स्वर पुसून टाकले तरी उच्चार तोच राहतो. पहिल्याच्या मागे चौघेजण काही न बोलता रांगेत उभे आहेत, इतकेच. तोच शब्द देवनागरीत लिहिला की एकच अक्षर उरते. पाच घरांच्या खेळात आपण एका घरात मावतो! उलट 'स्वातंत्र्य' आपण तीन अक्षरांत उरकतो, तर संगणक त्याच्या मात्रा, अनुस्वार आणि पायमोडके सुटे सुटे धरून आकडा ११ सांगतो. वडिलांचा हिशेब या दोन्हींच्या मधला असे. जोडाक्षरांसाठी वेगळे खिळे लागत, त्यामुळे इंग्रजीच्या मानाने मराठीच्या केसमध्ये कितीतरी जास्त कप्पे असत, आणि एखादे जोडाक्षर नेमके संपलेले असले की ते मजकुरावर चिडत, लेखकावर नव्हे.

हे सगळे मी कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या अक्कांना सांगितले. अक्का कन्नड शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. माझ्याशी मराठी बोलतात, रागावल्या की कन्नड. त्या म्हणाल्या, "मग आपल्या गावाचं मोजा की!" आम्ही मोजले. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गावाचे इंग्रजी नाव बदलले, तेव्हा सात अक्षरांची आठ झाली. त्याच दिवशी हुबळीचे पाच अक्षरी स्पेलिंगही आठ अक्षरी झाले. मराठीत मात्र बेळगाव चार अक्षरी आणि कन्नडात बेळगावी तेही चार अक्षरी. इतक्या वर्षांच्या सीमावादात दोन्ही बाजूंचा आकडा जुळल्याचे हे उदाहरण मी मुद्दाम नोंदवून ठेवते आहे. शिवाय दोन्ही नावांत ळ आहे, ज्याच्यासाठी इंग्रजीच्या सव्वीस कप्प्यांत जागाच नाही.

संध्याकाळी नातीचा निरोप आला. उत्तर होते 'ग्लिफ', म्हणजे अक्षराची आकृती. खिळे जुळवणाऱ्याच्या मुलीला नेमका तोच शब्द सुचू नये, याचे मला थोडे वाईट वाटले. तो राग काढण्यासाठी मी अक्कांपुढे आमचाच खेळ मांडला: शब्द पाच अक्षरी हवा, आपापल्या भाषेतला हवा आणि त्यात दोन ळ हवेत. अक्कांनी क्षणभर आभाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बेळदिंगळु." म्हणजे चांदणे. मी बोटांवर मोजले. बरोबर पाच, आणि ळ दोन. आता माझी पाळी होती. तुळशीबाग, नारळपाणी असे एका ळचे शब्द भराभर येत होते, दुसरा ळ काही सापडेना. अक्का आत जाऊन कुकर लावून आल्या, तेव्हा कुठे मला सुचला, आणि चांदण्यासमोर ठेवायला जरा संकोच वाटला तरी मी तो भिंतीवरून ऐकवलाच.

"सकाळपाळी," मी म्हटले. वडिलांची छापखान्यात कायम तीच असे.