पावसाळा आणि मॅग्नेटाइट
मुंबईच्या दमट हवेत आज लॅबमध्ये एमआरआयसाठी मॅग्नेटाइटचे (लोहाचं काळं, चुंबकीय ऑक्साइड) बारीक कण बनवताना पुन्हा तेच. फेरिक क्लोराइडची बाटली जरा उघडी राहिली की ते हवेतलं पाणी ओढून चिकट होतं, वजन फसवं येतं आणि फेरिक-फेरस या लोहाच्या दोन रूपांचं २:१ प्रमाण बिघडतं. फेरस क्लोराइड फिकट हिरवं असेल तरच घ्या. पिवळट-तपकिरी झालेलं सरळ बाद. पाण्यातून आधी नायट्रोजन सोडा, मग ८० अंशांवर जोरात ढवळत अमोनिया, पीएच १० च्या आसपास. काळंभोर झालं तर ठीक. तांबूस दिसलं तर हवा शिरली. चुंबकाने खाली ओढून धुवा. सायट्रेटचा लेप मात्र टाळू नका (कंटाळवाणं काम, मान्य). उघडे कण सलाइनमध्ये गुठळ्या धरतात, मग एमआरआयमधले टी-२ चे (सिग्नल किती लवकर विरतो त्याचे) आकडे दर खेपेला वेगळेच.